पोलीस पाटलाची रिकामी जागा

४ मार्च
आरक्षणाची सोडत निघाली. आमच्या गावच्या पोलीस पाटलाची जागा महिलेसाठी. नवऱ्याला, संतोषला, कंपनीत व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं, त्याने जेवणाच्या सुट्टीत फोन केला. माझे हात पिठाचे, म्हणून स्पीकरवर टाकला. सासरे, म्हणजे आबा, ओसरीवर बसले होते, त्यांनीही ऐकलं. आबांची साठी गेल्या वर्षी झाली आणि पाटीलकी संपली. तेव्हापासून जागा रिकामी. शेजारच्या गावचे पोलीस पाटील (पो.पा.) आमचंही बघतात. म्हणजे बघत नाहीत.

अर्ज भरणार. संतोष म्हणाला, आबांना विचार. चार वर्षं आबांचा उजवा हात थरथरतो, पाटीलकी संपेपर्यंत रिपोर्ट मी लिहिले, नोंदवही मी भरली, ठाण्याचे फोन मी घेतले. तेव्हा कुणी कुणाला विचारलं होतं?

९ मार्च
संध्याकाळी देवळात बैठक. जागा बाईची, ठरवायला सगळे पुरुष. मी पायरीपाशी उभी राहून ऐकलं. हटकण्याची कुणाची हिंमत झाली नाही, बसायलाही कुणी सांगितलं नाही.

गावात दोन आळ्या, पाटलांची घरं दोन्हीकडे. पाटीलकी एकदा वरच्या आळीला, एकदा खालच्या, म्हणजे आमच्या. कायद्यात असलं काही नाही, पण गावाच्या डोक्यात आहे. वरच्या आळीचे तात्या म्हणाले, खालच्या आळीनं लय वर्षं भोगली, आता पाळी आमची. त्यांची सून रोहिणी अर्ज भरणार आहे. म्हणून माझा अर्ज येऊ नये, एकच अर्ज जावा, गावाची शोभा राहील.

सगळ्यांनी आबांकडे बघितलं. आबा म्हणाले, "अर्ज तिचा हाय. मी कोन सांगनार?"
माझ्या बाजूने बोलले की हात झटकले, घरी येईपर्यंत ठरवता आलं नाही.

११ मार्च
वडगावला जाऊन अर्ज भरला. रहिवासी दाखला, दहावीचं सर्टिफिकेट, फोटो. फोटोत मी चिडलेली दिसते. असू दे, चिडलेलीच आहे.
येताना टाकव्यापर्यंत एसटी, पुढे जीप. जीपमध्ये वरच्या आळीच्या दोघी. त्यांनी मला जागा दिली आणि तोंडं फिरवली.

२ एप्रिल
तळेगावात लेखी. रोहिणी नवऱ्याच्या गाडीतून आली, मी संतोषच्या मागे बसून. वर्गात आम्ही दोघी एकाच रांगेत. पोरगी वाईट नाही. पेपरच्या आधी हळूच म्हणाली, "ताई, मला यातलं काय बी येत न्हाई. घरचे बसवत्यात." मी पेन दिलं, तिचं उठत नव्हतं.

एक प्रश्न असा होता की बेवारस प्रेत आढळल्यास पोलीस पाटलाने प्रथम काय करावे. चार पर्याय. हसू आलं मला. धरणाच्या कडेला उन्हात तीन तास प्रेताजवळ बसून राहावे, कुत्री हाकावीत आणि हवालदारांना रस्ता सापडत नाही म्हणून पुन्हा पुन्हा फोन करावा, हा पर्याय नव्हता.

१० एप्रिल
लेखीचा निकाल. ८० पैकी मला ६१, रोहिणीला ३९. आणखी दोघींनी अर्ज भरले होते, त्या नापास. तोंडी परीक्षेचे मार्क फक्त वीस. म्हणजे मी मूग गिळून बसले तरी जागा माझी. संतोषने पेढे आणले. आबांनी अर्धा खाल्ला, अर्धा डाव्या हातात धरून बसले.

१९ एप्रिल
हे आजच लिहिलं पाहिजे, उद्या मी ते स्वतःलाच वेगळं सांगेन.

तोंडी परीक्षा. टेबलापलीकडे तिघे, मधे प्रांत साहेब. नेमणूक त्यांच्या हातात. सोपे प्रश्न झाले. मग साहेबांनी विचारलं, तुमच्या घरात पाटीलकी होती, तुम्हाला स्वतःला कामाचा काही अनुभव? बस. चौदा वर्षं या घरात आले त्याला, कुणी खुर्चीवर बसवून मला हे विचारलं नव्हतं. मी सुटलेच. सासऱ्यांचा हात चालत नव्हता, मी रिपोर्ट लिहायचे, पंचनाम्याला पंच मी गोळा करायचे, गावभेटीची वही मी भरायचे. साहेब मान डोलवत होते. मला वाटलं, खूश होतायत.
"आणि सही?"
"तीही मीच करायचे, साहेब."
अभिमानाने सांगितलं. अभिमानाने!

बाजूच्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. प्रांत साहेब शांतपणे म्हणाले, "सासऱ्यांच्या नावाची?" तेव्हा कळलं. तोवर माझंच तोंड माझं वाटोळं करून मोकळं झालं होतं.

गावात ही गोष्ट लहान पोरालाही माहीत आहे. बिटाचे हवालदार तर स्वतः म्हणाले होते, "ताई, म्हाताऱ्याला कशाला तरास देता, तुमीच टाका की सही." आमच्याकडे घरातल्या एकाने सही केली म्हणजे घराने केली. बँकेत, सोसायटीत, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर, सगळीकडे असंच चालतं. ती चूक आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. ती चूक कुणी मोजेल हे माहीत नव्हतं.

६ मे
नोटीस. नेमणूक राखून ठेवली आहे. "तत्कालीन पोलीस पाटील यांच्या स्वाक्षरीबाबत" मी खुलासा करायचा आणि आबांनी समक्ष जबाब द्यायचा. एक प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. संध्याकाळपर्यंत वरच्या आळीत सगळ्यांना तोंडपाठ.
तात्या रस्त्यात भेटले. म्हणाले, पाळी मोडली की असं होतं, देव बघतो. मी म्हटलं, तात्या, देवाने लेखीचे मार्कही बघितले असतील. एवढं बोलायला नको होतं, पण बोलले.

८ मे
हवालदारांना फोन. त्यांनी एवढंच सांगावं, की हात चालत नव्हता, आबा सांगायचे तेच मी लिहायचे, आणि हे ठाण्याला ठाऊक होतं. ते म्हणाले, "ताई, माजी तीन वर्षं राह्यलीत नोकरीची. माजं नाव घेऊ नका."
बरं.

१५ जून, रविवार
लोणावळ्यात गर्दीमुळे गाड्या अडवल्या, की लोक आत आमच्याकडे वळतात. दुपारी बंधाऱ्यावर एकजण बुडाला. पंचविशीचा असेल. पहिला फोन कुणाला? मला. त्याच हवालदारांचा. शेजारचे पो.पा. लग्नाला गेलेत, फोन उचलत नाहीत, "जरा बगता का?"

नाही म्हणायला हवं होतं. गेले. आमच्या आळीची पोरं उतरवली, दोर बांधून काढला. त्याच्याबरोबरची मुलगी चिखलात बसून त्याचे बूट छातीशी धरून होती. त्याच्या घरचा नंबर मी तिला विचारला, फोन मी लावला, त्याच्या आईला मी सांगितलं. रिपोर्टही मीच लिहिला, दुसरं लिहिणारं होतंच कोण. संध्याकाळी लग्नातून शेजारचे पो.पा. आले आणि खाली सही करून गेले. माझ्या लिहिण्यावर त्यांची सही, आणि ती मात्र कायदेशीर.

घरी येऊन अंघोळ केली तरी त्याच्या आईचा आवाज जाईना. रडलेही. संतोष म्हणाला, सोड ना ही पाटीलकी, काय ठेवलंय त्यात. त्याला काय सांगू? चौदा वर्षांत गावाने मला पाटलाची सून म्हणूनच हाक मारली. मी हे काम करते, तर ते माझ्या नावाने असावं. एवढंच हवं आहे. यापेक्षा जास्त काही नाही.

२३ जून
वडगावला कचेरीतले कारकून भेटले, जुने, आबांना ओळखणारे. दार लोटून घेऊन समजावलं. आबांनी जबाबात सांगितलं, की हात आजारी होता, मी सांगितलं ते सुनेनं लिहिलं आणि माझ्यासमोर, माझ्या सांगण्यावरून सही केली, तर साहेब समज देऊन सोडतील, नेमणूक होऊही शकते. पण आबा म्हणाले की सही त्यांनीच केली, तर मी तोंडी परीक्षेत खोटं बोलले असं होईल. मग ही जागाही गेली आणि पुढची कुठलीही.
म्हणजे सगळं आबांच्या एका वाक्यावर.

२४ जून
चहा दिला आणि आबांना सगळं नीट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. डावा हात उजव्या हातावर ठेवून बसले होते, तो हलू नये म्हणून.
"माजी सही मीच करत हुतो," म्हणाले.
मी म्हटलं, आबा, आपण दोघंच आहोत इथे.
"मीच करत हुतो. हात न चालनारा पाटील हुता ह्या गावाला, आसं लिवून देऊ व्हय मी?"

राग इतका आला की कप उचलून आत गेले आणि भांडी आपटत राहिले. स्वतःच्या नावाला जपतात. माझं नाव त्यांच्या लेखी नाहीच, मग जाणार कुठून. आणि तरी ओसरीवर जाऊन शाल टाकली त्यांच्या अंगावर, पाऊस आत येत होता. असा माझा राग.

२ जुलै
सुनावणी उद्या अकराला. संतोषने रजा टाकली आहे, आबांना तोच घेऊन जाणार. आबा काय सांगणार, आठ दिवसांत आम्ही कुणी तो विषय काढला नाही.

दुपारी शेतावरून लवकर आले. आबा ओसरीवर पाठमोरे, मांडीवर वर्तमानपत्र, हातात पेन. चाहूल लागली नाही त्यांना. समासभर सह्या. पन्नास तरी असतील. काही ओळीबाहेर गेलेल्या, काही नुसत्याच रेघा. उद्या साहेबांनी करून दाखवा म्हटलं तर करता यावी म्हणून सराव. समोर जुनी नोंदवही उघडी ठेवली होती, तिच्यातली सही बघून बघून काढत होते.

ते पान तीन वर्षांपूर्वीचं. सही माझी. शेवटच्या रेघेखाली दोन टिंबं देते मी, शाळेपासूनची सवय. आबांच्या स्वतःच्या सहीला टिंबं कधीच नव्हती. आता प्रत्येक सहीखाली दोन टिंबं, थरथरत दिलेली.

मी दिसले तसा कागद पुढे केला. लपवला नाही. "बग बरं," म्हणाले, "जमलीय न्हवं? माजी आशीच हुती."

मी कागद हातात घेतला, शेवटच्या सहीपर्यंत बघितला. मग हो म्हटलं.