शोभाला दिलेली सुपं

२ फेब्रु., सोम.
डाळमिलमध्ये नवी तूर. पुसदच्या रस्त्यापर्यंत गाड्या उभ्या. छोटे शेठ निवडणाऱ्या बायकांवर कॅमेरे लावायचं म्हणत होते. बायकांवर देखरेख माझी, म्हणून म्हटलं, त्यापेक्षा कौतुक करून बघा. महिन्यात सर्वांत जास्त डाळ निवडेल तिचा फोटो भिंतीवर, आणि एक कुकर. कबूल झाले.
शाळेत सिस्टर शनिवारी आठवड्यातल्या सर्वांत चांगल्या मुलीला निळी फीत लावायच्या. रविवारी घरीसुद्धा मी ती काढत नसे.

२८ फेब्रु., शनि.
कुकर शोभाला. इतरांच्या जवळपास दुप्पट डाळ! फोटोसाठी पदर सारखा करत होती, हसू आवरेना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, एकीचंही तोंड वाकडं नाही. किती वर्षांनी मिलमध्ये असा आवाज.

२ मार्च, सोम.
नोटीस लागली. शोभाइतकी डाळ प्रत्येकीने निवडायची. नाही जमलं तर एप्रिलपासून काम बंद. छोटे शेठ म्हणाले, "एक बाई करते, तर बाकीच्या काहून नाही? टाइमपास करून राहिल्या, मॅडम."
जेवणाच्या सुट्टीत कांताबाई आली, सगळ्यांत जुनी. "बाई, तुमीच म्हनलं ना, जितील तिले कुकर? शोभीच्या पोरीचं लगन हाये. रुखवतात कुकर नको काय? आम्ही सुपं देल्ली तिले."
मला कळायला हवं होतं. इथे कुणाला ताप असला, कुणी दिवसांत असली, की बाकीच्या आपल्या निवडलेल्या डाळीतलं सूपभर तिच्या ढिगात टाकतात. इतकी वर्षं बघते आहे. बक्षिसालाही तेच करतील, हे कसं...
शोभा मागे उभी होती. "शेटले सांगू नका, बाई. चोर म्हन्तील मले."

४ मार्च, बुध.
नवीन फर्मान. उद्या शोभाने सगळ्यांसमोर बसून निवडून दाखवायचं, बाकीच्यांनी शिकायचं. तिला म्हटलं, "उद्या बरं नाही म्हण."
"अन् परवा? रोज कशी बिमार पडू, बाई?"

५ मार्च, गुरु.
शोभा मधे, बाकीच्या भोवती. शेठच्या हातात मोबाईल, वेळ लावलेली. तिची डाळ सुपाबाहेर सांडत होती. "सरक वं," म्हणत कांताबाई सूप घेऊन तिच्या शेजारी बसली. मग दुसरी. मग सगळ्याच.
"मॅडम, हे काय? उठवा यांना!"
मी म्हटलं, "सर, ती डाळ अशीच निवडली होती."
ते केबिनमध्ये गेले. दुपारून शोभाचा फोटो उतरवला. नोटीस तिथेच. कुणाला ठेवणार, कुणाला काढणार, काही सांगितलं नाही. मी दोनदा दाराशी जाऊन परत आले.
सुटताना कांताबाई "येतो, बाई" म्हणाली. शोभा नाही. रविवारी तिच्या मुलीचं लग्न, मला फार जायचं आहे. फाटकाशी तिला हाक मारली. तिने ऐकली असावी, पण ती थांबली नाही.