आज घंटी वाजली न्हाई

रविवार, १६ ऑगस्ट १९९८, जालना

लेक चार महिन्यांनी माहेरी आली. लागून दोन दिवस सुट्टी, कारखाने बंद, म्हणून सकाळी दोघं सायकलींवर एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यानं हिंडून आलो. तिच्या लग्नाआधी जायचो तसंच. तेव्हा समोर कुत्रंही नसलं तरी ही उगाच घंटी वाजवत सुटायची. आज एकदाही न्हाई. शेवटी मीच म्हणलो, "वाजव ना गं घंटी!" तर हसून म्हणाली, "अंगठा वाकत न्हाई बाबा. मोरीत घसरून पडल्ते."

मोरीत पडल्यावर मनगटावर चार बोटांचे वळ कसे उठतात? घरी येऊन बायकोला विचारलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तुम्हाला आज दिसलं?"

म्हणजे हिला माहीत होतं. आन् स्थळ मी पाहिल्तं. 'बिलकुल शांत माणूस' असं मीच गावभर सांगत फिरलो.

एवढी घंटी वाजवणारी पोर.

उद्या जावई न्यायला येणार. आत लेक पिशवी भरून राह्यली, डाव्या हातानं. मला उठून "जाऊ नको" एवढंच म्हणायचं आहे. आन् मी हे लिहीत बसलो.