लार्क्स चौथ्या क्रमांकावर

४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी साडेसात.

या शनिवारपासून सीझन सुरू. माझ्या रँकिंगचं हे चौदावं वर्ष. देशातल्या लहान कॉलेजांच्या महिला बास्केटबॉल टीम, एकूण तीनशे चाळीस. त्यातल्या पहिल्या पंचवीस आपल्या गावच्या साप्ताहिकात दर गुरुवारी छापून येतात, पान सहा, चर्चच्या सूप-जेवणाच्या जाहिरातीशेजारी. आयोवाच्या या कोपऱ्यात लोक ते पान आधी उघडतात असं माझं निरीक्षण आहे.

यंदा सूत्रात सुधारणा केली. किती गुणांनी जिंकले, कोणाशी खेळले, कुठे खेळले, मधे किती दिवस विश्रांती, हे सगळं होतंच. आता त्यात ‘जिद्द’ आणली. दहापैकी गुण. हे मी नजरेने ठरवतो. एकतीस वर्षं हायस्कुलात बीजगणित शिकवलं आहे, नजर तयार आहे.

आपल्या डेलफ्ट सेंटर कॉलेजच्या लार्क्स चौथ्या आल्या. मलाही आश्चर्य वाटलं. पण आकडे आहेत. मी काय करणार.

यंदाचे संकल्प: एक, पक्षपात नाही. दोन, मॅचमध्ये पॉपकॉर्न नाही. तीन, लाव्होनला रोज विचारायचं, दिवस कसा गेला.

लाव्होन नाश्त्याच्या वेळी काहीतरी सांगत होती. मी तेव्हा ‘जिद्द’ला किती वजन द्यायचं ते बघत होतो. ‘ट्रूडी’ आणि ‘सू फॉल्स’ एवढं कानावर आलं. संध्याकाळी विचारतो.

संध्याकाळी सहा.

लाव्होनची गाडी नाही. फ्रिजवर चिठ्ठी. ‘ट्रूडीकडे जातेय. सकाळी सांगितलंच आहे. फ्रीझरमध्ये तीन डबे आहेत. कपड्यांच्या ड्रायरची जाळी साफ करत जा.’

ट्रूडी म्हणजे तिची बहीण, साउथ डकोटात सू फॉल्सला राहते. तिच्या खुब्याचं ऑपरेशन असणार. आठवडाभरात येईल.

(खुब्याचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं. मग दुसरा खुबा असेल.)

९ नोव्हेंबर, शनिवार.

लार्क्स जिंकल्या. तीन गुणांनी. चौथा क्रमांक सिद्ध झाला. पॉपकॉर्न खाल्लं, पण लहान पुडा.

१३ नोव्हेंबर, बुधवार.

बावीस गुणांनी हरल्या. बस चाळीस मिनिटं उशिरा पोचली होती. शिवाय तिथल्या एका बाजूची रिंग मला जरा वर वाटली. कोणी मोजत नाही.

सूत्राप्रमाणे बऱ्याच खाली जातात. पण इतकं होऊनही त्या शेवटपर्यंत धावत होत्या. जिद्द आठवरून दहा केली. चौथ्याच.

१८ नोव्हेंबर, सोमवार.

लाव्होनला फोन केला. चौथ्यांदा उचलला. संकल्प क्रमांक तीनप्रमाणे विचारलं, दिवस कसा गेला. ती म्हणाली, “कुठला?”

मग मी रँकिंग सांगितलं. ती म्हणाली, “आर्लो, त्या दिवशी सकाळी मी तुला काय सांगितलं होतं?”

“आठवतंय की.”

“मग सांग.”

म्हणालो, ट्रूडीचा खुबा. फोन कट झाला. साउथ डकोटात नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे.

दुसरा डबा संपवला. गरम करायचं राहिलं. तसाही बरा लागतो.

२८ नोव्हेंबर, गुरुवार. थँक्सगिव्हिंग.

शेजारी व्हर्नकडे जेवायला. टर्की, पम्पकिन पाय, नेहमीचंच. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते, जणू मला ताप आहे.

भांडी विसळताना व्हर्न म्हणाला, “अरे, ती येणार नाहीये बाबा. सगळ्या गावाला माहीत आहे. तूच तेवढा राहिलायस.”

व्हर्नने जन्मभर डुकरं पाळली. शक्यतेचं गणित त्याला काय कळणार. लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्यात लाव्होन शून्य वेळा सोडून गेली. हे बत्तिसावं वर्ष. म्हणजे ती परत येण्याची शक्यता सत्त्याण्णव टक्के. हे मी त्याला टॉवेलने ताट पुसता पुसता समजावलं. तो म्हणाला, “ते ताट मघाशीच पुसलंयस तू.”

घरी आलो. विशेष काही वाटलं नाही.

७ डिसेंबर, शनिवार.

नेब्रास्कात मॅच. हरल्या. सलग सहावी. जाऊन-येऊन पाच तास गाडी चालवली. रेडिओ लावायचा राहिला, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

मी नसताना लाव्होन येऊन गेली. शिवणाचं मशीन नेलं, थंडीचा कोट नेला, मांजर नेली. जाताना ओटा पुसून गेली.

कोट नेला कारण थंडी आहे. मशीन नेलं कारण तिकडे वेळ जात नसणार. मांजरीचं म्हणाल तर ती तशीही तिचीच होती. बर्फ उडवायचं मशीन मात्र नेलं नाही. हे चांगलं लक्षण आहे. कायमचं जाणारा माणूस बर्फाचं मशीन ठेवून जात नाही.

लार्क्स चौथ्या. ‘जिद्द’ आता पंधरापैकी मोजतो. दहा अपुरे पडत होते.

११ जानेवारी, शनिवार.

परगावी मॅच. बाहेर उणे अकरा. अडतीस गुणांनी हार.

पण एक आनंदाची बातमी. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या हातात पुठ्ठे होते, त्यावर मोठा ‘४’. आपल्या मुलींच्या हातून बॉल सुटला की सगळा हॉल एका सुरात ओरडायचा, “चार! चार! चार!” म्हणजे माझं रँकिंग तिथवर पोचलं आहे. इतकं वाचलं जात असेल असं वाटलं नव्हतं.

आपली कॅप्टन ब्रिन शेवटची पाच मिनिटं डोक्यावर टॉवेल घेऊन बसली होती. घाम येतो.

१४ जानेवारी, मंगळवार. दुपारी चार.

ब्रिन ऑस्टरहाउस घरी आली. नववीत माझ्या वर्गात होती, समीकरणं भराभरा सोडवायची. बूट दाराबाहेर काढून मोज्यांवर आत आली. सहा फूट उंच पोरगी, बसताना गुडघे टेबलाला लागले.

म्हणाली, “सर, एक मागायचं होतं. आम्हाला त्या यादीतून काढा.”

म्हणालो, “रँकिंग मागून मिळत नाही आणि मागून जातही नाही. आकडे भावना बघत नाहीत.”

“सर, एक मॅच जिंकलोय आम्ही. अकरा हरलोय. लोक हसतात. पोरी बसमध्ये रडतात. कोचनी तुम्हाला पत्र लिहिलं होतं.”

पत्र आलं होतं. अभिनंदनाचं असेल म्हणून सीझन संपल्यावर उघडायचं ठरवलं होतं. तिला तसं म्हणालो नाही.

तिने सूत्र मागितलं. मी वही पुढे केली. तिने पेन्सिल घेतली, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, “ही जिद्द सगळ्यांना आहे?”

“सगळ्यांना.”

“पण बाकीच्यांना एकच गुण दिलाय.”

“बाकीच्यांना मी बघितलेलं नाही.”

“ती काढली तर आम्ही तीनशे अकराव्या येतो, सर.”

बरोबर होतं. हिशेब पक्का आहे पोरीचा. म्हणालो, “बघतो.”

उठताना तिने घरभर नजर फिरवली. “मिसेस टेन नापेलना सांगा, परवाच्या सँडविचबद्दल थँक्यू.”

लाव्होनची कुठली सँडविच, विचारलं.

“मॅचनंतरची. ख्रिसमसनंतरची एकही मॅच त्यांनी चुकवलेली नाही. डबा भरून आणतात.” मग म्हणाली, “तुमच्या अगदी समोरच बसतात, सर. पलीकडच्या बाजूला. तुम्ही वहीतून वर बघतच नाही.”

ती गेल्यावर बराच वेळ खुर्चीतच होतो. काही वाटलं नाही. नंतर तळघरातली हीटरची भट्टी बघून आलो, घर गार वाटत होतं. भट्टी चालू होती.

१८ जानेवारी, शनिवार.

घरची मॅच. संकल्प: वर बघायचं.

तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी बघितलं. नववी रांग, निळा स्वेटर, ब्रिनच्या आईशेजारी. लाव्होन पॉपकॉर्न खात होती. मोठा पुडा. मग एकदम उभी राहून ओरडली, “अगं सोडू नकोस! तुझाच आहे!” एकतीस वर्षांत तिला ओरडताना ऐकलं नव्हतं. मला वाटायचं, ती मला सोबत म्हणून येते.

तिने हात वर केला. मी ४७–६९ लिहून घेतलं आणि परत वर बघितलं, तेव्हा हात खाली होता.

दारापाशी भेटली. “दिसले का मी?”

“हो,” म्हणालो, “आज दुसऱ्या फळीने फार बॉल घालवले.”

ती हसली. नेहमीचं हसू नव्हतं, पण ओळखीचं होतं. म्हणाली, “आर्लो, इतकी वर्षं तुझ्याशेजारी बसले. तू एकदाही म्हणाला नाहीस, बघ, काय सुंदर पास दिला पोरीने.”

“तो आकड्यात येतो.”

“येत नाही रे.” मग माझ्या कोटाची बाही झटकली. बर्फ होता. “बावीस फेब्रुवारीला शेवटची मॅच आहे, दोन वाजता. वही घरी ठेवून ये. माझ्याशेजारी बस. मग बोलू आपण.”

‘मग बोलू’ याचा एकच अर्थ होतो.

३ फेब्रुवारी, सोमवार.

तयारी सुरू. जिने धुतले. पडदे काढले. परत लावायचे कसे ते कळेना, सोफ्यावर ठेवलेत.

ब्रिनच्या शब्दाला मान देऊन लार्क्सना नवव्या क्रमांकावर आणलं. पाच जागा खाली, एका झटक्यात. मोठी तडजोड आहे ही. किराणा दुकानात ब्रिनची आई भेटली, पण तिने ओळख दाखवली नाही. बहुधा तिला नववा क्रमांक फार खाली वाटला असेल.

१५ फेब्रुवारी, शनिवार.

सराव म्हणून टीव्हीवर एक मॅच वहीशिवाय बघितली. चार मिनिटं जमलं. मग हात कुठे ठेवायचे कळेना. नंतर बघतो तर डाव्या मनगटावर स्कोअर लिहिलेला होता. एकंदर प्रगती आहे.

लार्क्स: एक विजय, तेवीस पराभव. लाव्होन परत येण्याची शक्यता: चौऱ्याण्णव टक्के. तीन टक्के पडद्यांसाठी कमी केले.

२२ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी अकरा.

दाढी केली. निळा शर्ट. वही टेबलावर ठेवली आहे. ती तिथेच राहणार. (ही डायरी म्हणजे वही नव्हे.)

पावणेएक.

वाटाण्याचं सूप मंद आचेवर ठेवलं. मॅचनंतर दोघांना गरम लागेल. बदामाची पेस्ट्री बेकरीतून आणली, तिच्या आवडीची.

सव्वा एक.

निघालो.

एक वीस.

परत आलो. गॅस बघायला. गॅस ठीक आहे. वही टेबलावर उघडी होती. सहज नजर गेली. विश्रांतीच्या दिवसांचं वजन नोव्हेंबरपासून उलट धरलं आहे. अधिकच्या जागी उणे. म्हणजे सगळा सीझन चुकला. हे असं ठेवून लाव्होनशेजारी बसलो तर लक्ष लागणार नाही, आणि ते तिच्यावर अन्यायाचं होईल. वीस मिनिटांचं काम आहे.

दोन पाच.

पहिल्या क्वार्टरला तसं महत्त्व नसतं. नोव्हेंबर झाला.

तीन.

जानेवारीत आलो आहे. आता मधेच सोडणं मूर्खपणाचं होईल.

चार वाजायला दहा.

व्हर्न दार वाजवून आत आला, टोपी हातात, चेहरा लाल. “अरे होतास कुठे तू?”

लार्क्स जिंकल्या. एका गुणाने. शेवटच्या सेकंदाला ब्रिनने बॉल टाकला. सगळं गाव कोर्टवर उतरलं, पाद्रीसुद्धा, असं व्हर्न म्हणाला. त्याचा आवाज बसला होता.

“आणि ती तुझी जागा धरून बसली होती. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत कोणाला बसू दिलं नाही तिने. मी गेलो बसायला तर म्हणाली, येतोय तो.”

“मग?”

“मग ब्रिनच्या लहान बहिणीला बसवलं.”

स्कोअर किती, विचारलं. अठ्ठावन्न–सत्तावन्न. लिहून घेतला. व्हर्न माझ्याकडे बघत राहिला. काही निरोप आहे का, विचारलं. नाही म्हणाला. टोपी घातली आणि गेला.

सूप तळाला लागलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी.

अंतिम रँकिंग घेऊन साप्ताहिकाच्या कचेरीत गेलो. ‘जिद्द’ काढून टाकली. लार्क्स दोनशे अठ्ठ्याण्णव. संपादक डोरीनबाई चष्मा वर करून म्हणाल्या, “टेन नापेल सर, तुमचा कॉलम आम्ही जानेवारीतच बंद केला. पाच अंक झाले. तुम्ही पेपर बघत नाही का?”

बघत नाही. मी पाठवतो.

कोणाची तक्रार आली का, विचारलं. त्यांनी खरोखर आठवून बघितलं. “नाही बुवा.”

दुपारी.

लाव्होनला फोन केला. पहिल्याच घंटीला उचलला. काय बोलायचं ते ठरवलं होतं. माफी, मग पडदे, मग बाकीचं. तोंडातून आलं, “अठ्ठावन्न–सत्तावन्न.”

ती म्हणाली, “माहीत आहे, आर्लो. मी होते तिथे.”

तिकडे मांजर ओरडत होती. मी म्हणालो, “ब्रिनने शेवटचा कसा टाकला?”

ती सांगायला लागली. छान सांगत होती. सात सेकंद उरलेले, बॉल डावीकडून आला, ब्रिन एकदम थांबली, समोरची पोरगी घसरून पुढे गेली, आणि सगळा हॉल असा गप्प झाला की...

मग तीही गप्प झाली. म्हणाली, “लिहितोयस?”

नाही म्हणालो.

ती म्हणाली, “बरं.” आणि फोन ठेवला. या वेळी नेटवर्क चांगलं होतं.

‘हॉल गप्प’ एवढंच लिहून झालं आहे. पुढचं राहिलं.