बटण दाबल्यावरचा श्वास

९ ऑक्टोबर २००६
बोलायचं बटण दाबून धरलं होतं, ओठ मिटलेले, आणि 'मुंबई'तला म सुटेना. हेडफोनमध्ये चार अनोळखी वैमानिक वाट पाहत होते. वैमानिक कसले, आपापल्या घरी कॉम्प्युटरवर विमान उडवणारी माणसं. घाम मात्र खरा. पडद्यावरचं माझं लहान विमान ओझरहून उडून कसाऱ्याच्या वर आलेलं. मुंबईच्या नियंत्रकाला हाक द्यायची, एवढंच. बटण सोडलं. टाइप केलं: माइक बिघडला आहे.
खोटं.

११ ऑक्टो.
आज सगळं टाइप करून उतरलो. वैमानिकाला तशी मुभा आहे.
ऑगस्टमधल्या त्या तासाला मुभा नव्हती. एस. वाय.चा वर्ग, वाचायची कविता, पहिला शब्द 'मी', आणि तो निघेना. मुलं हसली नाहीत. बाकांकडे बघत राहिली. लहानपणी बोलताना असाच अडायचो. वीस वर्षं ते अडणं गेलं होतं.
प्राचार्य: "रजा घ्या. दिवाळीनंतरचा पहिला तास मी मागे बसून ऐकेन. नाहीच जमलं तर ग्रंथालय आहे आपलं."
तेरा नोव्हेंबर.

१५ ऑक्टो.
नेटवर मुंबईचे नियंत्रक म्हणून बसतात ते सुभेदार गायकवाड. तोफखान्यातून निवृत्त, सारी नोकरी वायरलेसवर. राहतात देवळाली कॅम्पात. मी नाशिकचाच निघालो म्हणून आज त्यांचा फोन.
"सर, माइक बिघडलेला नाय तुमचा."
"कशावरून?"
"बटण दाबता तेव्हा श्वास ऐकू येतो."
मग त्यांना सगळं सांगितलं. तेरा तारीखही. अडत अडत. त्यांनी एकही शब्द माझ्या तोंडात घातला नाही.
म्हणाले, विमान सोडा, नियंत्रक व्हा. त्याला टाइप करून लपता येत नाही.
नको म्हणायचं होतं. तोही शब्द निघाला नाही.

२५ ऑक्टो.
रोज संध्याकाळी सराव. मला दिलंय मुंबई ग्राउंड: जमिनीवरची विमानं. कुठलं कुठून न्यायचं, कुठे थांबवायचं. आधी विमानाचं नाव, मग सूचना, सगळं इंग्रजीत. वैमानिक ती जशीच्या तशी परत म्हणतो. त्याशिवाय ती दिली असं धरत नाहीत.
विमानांची नावं अक्षरांची. एम आला की 'माइक' म्हणायचं. म टाळता येत नाही.
सुभेदार: "वायरलेस सेटवर आधी कान, मग तोंड. आणि बटण अर्ध्यात सोडायचं नाय. अडलं तरी धरून ठेवा. सोडलं की समोरच्याला वाटतं माणूस गेला."
देवळालीच्या रेंजवर शिकाऊ तोफचींचं फायरिंग चालू होतं. सु.च्या माइकवरून आवाज गेला असणार. चेन्नईच्या एकाने विचारलं, युद्ध सुरू झालं का तुमच्याकडे? सु. म्हणाले, नाही, अभ्यासक्रम आहे.

२८ ऑक्टो.
तीन विमानं हाताशी, आणि नेट गेलं. स्वयंपाकघरातला फोन उचलला की जातं. आई सटाण्याला मावशीशी अहिराणीत बोलत होती: "मना पोर्‍या घरमा बसीसन विमान उडाडस." हसत होती.
ओरडलो नाही. हायसं वाटलं. ते लिहून ठेवतो.

५ नोव्हें.
नावात दोन एम असलेलं विमान. सु. ऐकत होते. पहिल्या माइकलाच ओठ चिकटले. वैमानिक पुन्हा पुन्हा विचारतोय.
उठलो. स्वयंपाकघरात गेलो. फोन उचलला. नेट जाऊ दिलं, परत ठेवला.
आई ओट्यापाशी लसूण सोलत होती. बघत होती.
"कुणाला रे?"
"कुणाला नाही."

६ नोव्हें.
सु.ना फोनवर सांगितलं, काल आईने फोन उचलला हो. आई तिथेच, पाच हातांवर. लसणाच्या पाकळ्या वाटीत पडत राहिल्या.

९ नोव्हें.
आईने मावशीला फोन करणं बंद केलंय. सोमवारपासून एकदाही नाही. विचारायची हिंमत नाही.
स्वप्नात प्राचार्य हेडफोन लावून शेवटच्या बाकावर.

१२ नोव्हें.
उद्या तास. सु. म्हणाले, आज मी मध्ये बोलणार नाय, काय वाट्टेल ते होवो.
बसण्याआधी आईने स्वयंपाकघरातला फोन आणून टेबलावर ठेवला. वायर काढून, नीट गुंडाळून.
"हा घे. आता माझ्यावर घालायला फोनच नाही."
वर बघू शकलो नाही.
साडेसहाला सुरुवात. चार विमानं ठीक गेली. मग एकाच वाटेवर दोन, समोरासमोर. चूक माझी, दोघांनाही मीच ती वाट दिली होती. एकाला थांबवायचं. त्याच्या नावात पहिलंच माइक. बटण दाबलं. ओठ मिटले. पडद्यावर दोघं जवळ येत होते. सु. नेटवर होते आणि गप्प होते. टेबलावर मुका फोन.
विमानं एकमेकांतून आरपार गेली. इथे टक्कर होत नाही. कुणाला काही झालं नाही.
इतका कधी घाबरलो नव्हतो.
बटण अजून दाबलेलं होतं. सोडलं नाही. म, म, म, सगळ्या देशाला ऐकू जाईल असं, आणि मग 'माइक', आणि पुढची अक्षरं, आणि जिथे आहात तिथे थांबा.
वैमानिकाने सूचना परत म्हटली. जशीच्या तशी. अडखळणं वगळून.
शेवटी सु. एवढंच म्हणाले, "श्वास ऐकू येत होता. चांगलंय."
फोन परत लावायला गेलो. आई झोपली होती. टेबलावरच ठेवला.

१३ नोव्हें.
सकाळी निघताना फोन जोडला. आईला म्हटलं, मावशीला लाव. ती म्हणाली, बघते.
सात वीसचा तास. प्राचार्य शेवटच्या बाकावर, हातात वही. हजेरी नंबरांनी घेतात, मी नावांनी घेतली. मोरे मनीषापाशी अडलो. मान खाली घातली नाही. वर्ग थांबला. किती वेळ, माहीत नाही. नाव पूर्ण घेतलं. ती "हजर" म्हणाली. पुढचं नाव घेतलं.
प्राचार्य काहीतरी लिहून घेत होते.