पर्थचा फोन

शनिवार, ६ जुलै

मैदानावर गेलेच. नवरा, रॉस, त्या नेटबॉलच्या कोचबाईबरोबर पळाला म्हणून मी घरात तोंड लपवून बसायचं? लेक खेळते, मी बघणार. पण कँटीनपर्यंत पोचायच्या आत तीन बायकांनी दंडावर हात ठेवला. "कशी आहेस गं?" — मान तिरकी करून, आजाऱ्याला विचारतात तसं. मग फोन काढला आणि खेळ संपेपर्यंत त्यातच डोकं घातलं. कोणी फिरकलं नाही. झकास उपाय.

रविवार, ७ जुलै

टेगन म्हणते, "आई, किती शिष्टासारखी वागतेस." असू दे. शिष्ट परवडली, बिचारी नको.

गुरुवार, ११ जुलै

मर्लचा निरोप — शनिवारी कँटीनला हात कमी आहेत, येशील? टेगन रांगत होती तेव्हापासून मी आणि मर्ल शेजारी उभ्या राहून सॉसेज भाजतोय. उत्तर दिलं नाही. ती रडेल, मग मी रडेन. नकोच ते.

शनिवार, १३ जुलै

काल रात्रीच्या वादळात कोंबड्यांचं छप्पर उडालं, तरी गेले. फोनवर नुसती बोटं फिरवून भागत नाही, म्हातारा क्लॅरी येऊन बसतोच बाकावर. म्हणून आज फोन थेट कानाला लावला आणि पर्थला राहणाऱ्या बहिणीशी मोठमोठ्याने बोलत राहिले. पलीकडे कोणीच नाही! तिला वादळाचं सांगितलं, मेंढ्यांचं सांगितलं, तिच्या सुनेवरून हसलेसुद्धा. तिच्या उत्तरांसाठी मधे मधे थांबत होते. नाटकातच जायला हवं होतं मी.

कँटीनवर पाटी — आज फक्त रोख. मर्लचं कार्डाचं मशीन नेहमीसारखं बिघडलं असणार. मी फोन कानाला लावूनच सॉसेज घ्यायला गेले, तर तिने रेडिओ बारीक केला आणि पोरांवर ओरडली, "हळू बोला रे, लॉर्ना फोनवर आहे." क्लॅरी टोपी उचलून म्हणाला, "पोरी, बहिणीला माझा नमस्कार सांग हो." सांगितला. सगळ्यांना ऐकू जाईल असा.

एकजात सगळे फसले. पुढच्या शनिवारीही हेच करणार.

सोमवार, १५ जुलै

पेट्रोल भरताना टॉवर दुरुस्त करणारा माणूस भेटला. शुक्रवारी रात्री वीज पडली, तेव्हापासून अख्ख्या गावात मोबाईल बंद होते, आत्ता कुठे रेंज आली म्हणाला. माझ्या घरी छपरावरच्या डिशचं इंटरनेट, फोन त्यावरच चालतो, मला काय कळणार!

म्हणजे शनिवारी सगळ्यांना माहीत होतं. क्लॅरीलाही.

आणि तरी मर्लने रेडिओ बारीक केला.