एकाच पेटीत दोन कामं

बाबा,

प्रथम एक गंभीर तक्रार. खंडेनवमीला आमच्या दवाखान्यातल्या लॅबच्या बाईंनी माझ्या नव्या स्विचची, म्हणजे सगळे संगणक जोडणाऱ्या पेटीची, शास्त्रोक्त पूजा केली आणि हळदकुंकू थेट त्याच्या पंख्याच्या जाळीत भरलं. मी म्हटलं, "बाई, देवाच्याही नाकात कुंकू भरता का?" तर म्हणतात, "तुमीच तं सांगता, सारा दवाखाना याच्यावर चालून राह्यला. मंग टिळा नको त्याले?" तेव्हापासून यंत्र घरघरतंय, आणि मी दिवसातून चारदा जाऊन त्याचा श्वास ऐकतोय.

तुम्ही मला संस्कृत शिकवलंत. मी गडचिरोलीत तारा ओढतो. तरी हे तुम्हाला कळेल. पूर्वी प्रत्येक विभागाला साधा स्विच होता. तो विभागातल्या विभागात निरोप पोचवी. लॅबचा रिपोर्ट भिंतीपलीकडच्या वॉर्डात जायचा तर आधी टोकाच्या खोलीतल्या, वाट ठरवणाऱ्या राउटरकडे जाई, मग परत येई. नवी पेटी वाटपही करते आणि वाटही ठरवते.

तुम्ही पोस्टमास्तर होतात ते जंगलातलं पोस्टही त्या जुन्या व्यवस्थेसारखंच. नदीपलीकडच्या गावाचं पत्रही थैलीतून गडचिरोली पाहून परत यायचं. तुम्ही जवळची पत्रं टेबलाच्या खणात बाजूला ठेवून परस्पर पाठवू लागलात. तपासणीचे साहेब भडकले, "तुमचं काम थैली बांधायचं!" तुम्ही त्यांच्यापुढे चहा सरकवत म्हणालात, "साहेब, नदी वलांडाले चिठ्ठीनं गडचिरोली काऊन पाहावं?" ते वाक्य मी जन्मभर मिरवलं. राउटर काढताना आमच्या साहेबांनाही तेच ऐकवलं.

मिरवताना पुढचं मात्र गाळतो. एकदा तुम्ही तापानं पडलात. तुमच्या जागी आलेला माणूस इमानानं थैल्या बांधत होता. बंद खणातही पत्रं आहेत हे त्याला कोण सांगणार? त्यात एका बाईला तिच्या आजारी आईकडे बोलावणारं पत्र होतं. ती नंतर दारात येऊन एवढंच म्हणाली, "मास्तर, माय गेल्यावर चिठ्ठी भेटली." प्रत्येक साहेबासाठी उत्तर असणारे तुम्ही, त्या खणाची किल्ली काढून टेबलावर ठेवलीत.

तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठल्या थैलीत टाकणार? राहू दे माझ्याच खणात. कालपासून पेटीची घरघर वाढली आहे, बाबा. ती बंद पडली तर जोडीला दुसरी नाही. जुना राउटर मीच मोडीत दिला. सगळी मांडणी फक्त माझ्या डोक्यात आहे. आणि हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.