बोटांशिवाय टायपिंग

बाई, तुम्ही गेलात तेव्हा मी अजून नोकरी शोधत होते, त्यामुळे पुढचं काहीच तुम्हाला ठाऊक नाही. आज दुपारी तलासरीच्या ऑफिसात जे पाहिलं ते कोणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि तुमच्याशिवाय दुसरं कोणी सुचेना.

डहाणू स्टेशनजवळच्या तुमच्या टायपिंगच्या क्लासमध्ये मी आले तेव्हा आई मासळी बाजारात बसायची आणि माझ्या कपड्यांना सुक्या बोंबलांचा वास यायचा. बाकीच्या मुली जरा सरकून बसायच्या. तुम्ही मला मुद्दाम तुमच्या टेबलाशेजारच्या मशीनवर बसवलंत. माझे पाय जमिनीला टेकत नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी घरचा जेवायचा पाट आणून माझ्या पायांखाली सरकवलात, आणि परीक्षा झाल्यावर तो मलाच देऊन टाकलात. मी खाली बघून टाइप करायला लागले की तुम्ही यायचात आणि माझ्या हातांवर रुमाल टाकायचात. एकदा मी चिडून विचारलं, बघून टाइप केलं तर बिघडतं काय? तुम्ही अजिबात रागावला नाहीत. म्हणालात, "बोटांना त्यांचं काम करू दे. डोकं मोकळं राहिलं तर तिथे दुसरं काही तरी येईल."

ते दुसरं यायला फार वर्षं लागली. कॉलेजमधला माझा एक मित्र, वेवजी गावचा, घरी भात आणि नागलीची शेती. आम्ही दोघांनी चिकूच्या पॅकिंग शेडवरची एक खोली घेतली आणि कंपनी काढली. माणूस कॉम्प्युटरवर रोज तेच ते करतो, हे पान उघड, तिथला आकडा उचल, दुसऱ्या पानावरच्या चौकोनात भर. ते काम सॉफ्टवेअरनं करायचं, एवढाच धंदा. त्याला आम्ही बॉट म्हणतो. त्याला हातपाय नसतात, लोखंडही नसतं. घरी सांगताना मात्र फार पंचाईत व्हायची. आई म्हणायची, दिसत नाही ते विकणार कसं?

पहिला घेणारा भेटला चारोटीला, हायवेवरचा एक ट्रान्सपोर्टवाला. त्याच्याकडे एक वयस्कर क्लार्क होते, सगळे त्यांना काका म्हणत. ट्रकच्या बिल्टीवरची, म्हणजे मालाच्या पावतीवरची, तीच माहिती ते दिवसभर तीन वेगवेगळ्या ठिकाणी टाइप करत. खाली न बघता. मी विचारलं, शिकलात कुठे? त्यांनी तुमचंच नाव घेतलं. रुमालही आठवला त्यांना.

त्यांच्याच टेबलावर आम्ही बॉट सुरू केला. स्क्रीनवरचा बाण आपोआप हलला, एक चौकोन भरला, मग दुसरा, पान बदललं, पुन्हा चौकोन भरू लागले. कीबोर्डला कोणाचा हात नाही, कसला आवाज नाही. आम्हीच बनवलेलं होतं ते, तरी माझ्या अंगावर काटा आला. काका दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत होते. गुजराती मालक खूश होऊन मला म्हणाले, "बेन, सरस झालं. आता काकांना आराम." आराम म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी स्क्रीनकडेच बघत राहिले, आमचं पहिलंच काम ते. मित्र मात्र शांतपणे काकांकडे वळला. "आमच्याकडे याल? बॉटला काय शिकवायचं, ते आम्हाला शिकवायला माणूस पाहिजे." काका म्हणाले, विचार करतो. सोमवारी डबा घेऊन खोलीवर हजर.

त्यानंतर कंपनी जी वाढली, बाई, ते मी नीट सांगूही शकणार नाही. आधी वापीच्या कारखान्यांची बिलं, मग मुंबईची एक विमा कंपनी, मग अशा देशांतली कामं जिथे मी कधी गेलेले नाही. खोली पुरेना म्हणून पूर्ण मजला घेतला, तोही पुरेना म्हणून तलासरीला दुसरं ऑफिस. सगळीकडे चांगलंच झालं असं नाही. एका ठिकाणी बॉट आला आणि दोन बायकांना काढलं, आम्हाला मागाहून कळलं. तेव्हापासून करार करताना आधी विचारतो, ही माणसं उद्या कुठे बसणार? उत्तर नसेल तर काम घेत नाही. त्यापायी काही मोठी कामं गेलीसुद्धा.

आज तलासरीत, कासा गावाजवळच्या पाड्यावरून आमच्याकडे कामाला येणाऱ्या एका मुलीनं स्वतः बनवलेला पहिला बॉट सुरू होणार होता. परदेशातल्या एका हॉस्पिटलसाठी. तिथल्या नर्स तपासण्यांचे रिपोर्ट प्रत्येक पेशंटच्या फाइलमध्ये हातानं चढवतात, ते काम आता हा करणार. मुलीची आई बघायला आली होती, शेतावरून तशीच. बॉट चालू झाला. आई स्क्रीनजवळ गेली, हात पुढे केला आणि मागे घेतला.

"कोण लिहितंय हे?"

"मी शिकवलंय त्याला. आता तोच लिहितो."

"आणि तिथल्या बाया?"

"त्या पेशंटपाशी बसतील."

आई पुन्हा स्क्रीनकडे वळली. मग विचारलं, "हा मध्ये जेवायला जातो का?" ऑफिसातली पोरं हसली. काका हसले नाहीत. आता त्यांचे केस पार पांढरे झालेत. ते म्हणाले, "तो जात नाही. चला, आपण जाऊ," आणि मायलेकींना घेऊन गेले.

पोरंही जेवायला गेली, मी एकटीच थांबले. समुद्रापलीकडच्या कोणत्या तरी माणसांचे रिपोर्ट तलासरीत बसून एका पोरीनं शिकवलेल्या रीतीनं एकेक जागेवर जात होते आणि खोलीत फक्त पंख्याची घरघर होती.

हे सगळं लिहिलं, पण पाठवणार कुठे? तुमचं घरही आता दुसऱ्या कोणाचं झालंय. फाइल सेव्ह करून ठेवते, एवढंच. आणि एक सांगते, ऑफिसात कोणाला बोललेले नाही. बॉट चालतो कसा ते मी लोकांना फळ्यावर काढून समजावते, त्यातली ओळ न् ओळ मला येते. तरीही तो सुरू झाला की मी अजून श्वास रोखून बसते, आणि मला वाटतं, हे होतं तरी कसं?